यमूचे घरटे नापास होते त्याची गोष्ट

एका जंगलात एक प्राथमिक शाळा होती. बाळांनो, नीट मांडी घालून बसा. ज्यांना शेपटी आहे त्यांनी ती आपल्याच मांडीवर घ्यावी, शेजाऱ्याच्या नको. आणि मागे बसलेल्या आईबाबांनी मुलांच्या कानात उत्तरे सांगू नयेत. मी अजून प्रश्नसुद्धा विचारलेला नाही.

तर शाळा. अर्जुनाच्या मोठ्या झाडाखाली चार वर्ग, एक ऑफिस, आणि त्या ऑफिसला एक खिडकी. पूर्वी तिथे मुले पाढे म्हणायची, कविता म्हणायची, आणि मधल्या सुट्टीत एकमेकांना खायचा प्रयत्न करायची. सगळे सुरळीत चालले होते.

मग वरून एक परिपत्रक आले. वरून म्हणजे कुठून, असे विचारायचे नसते. परिपत्रक वरूनच येते. त्यात लिहिले होते की यापुढे मुलांनी हाताने करून शिकावे.

शाळेने उलट टपाली विचारले, "आमच्याकडे बहुतेकांना हातच नाहीत. काय करावे?"

पंधरा दिवसांनी खुलासा आला. "खूर, पंजा, चोच, सोंड व तत्सम अवयव हात समजण्यात यावेत. सापांच्या बाबतीत शाळेने आपल्या स्तरावर निर्णय घ्यावा."

शाळेने आपल्या स्तरावर निर्णय घेतला. सापांना टाळ्या वाजवण्यातून सूट मिळाली. बाकी सगळ्यांचे उपक्रम सुरू झाले.

पहिला उपक्रम होता पानांचे ठसे. हत्तीच्या घरून इतकी पाने आली की नदीचा एक काठ बोडका झाला. दुसरा होता मातीची फळे. ती माकडांच्या पोरांनी रंग वाळायच्या आत खाऊन टाकली आणि मग तीन दिवस शाळा बुडवली. तिसरा होता 'माझे तळे'. बेडकाचे पोर म्हणाले, "बाई, आमच्या तळ्यावरच या की सगळे." बाई म्हणाल्या, तसे चालणार नाही. तळे थर्माकोलवर हवे, कोरडे हवे आणि टेबलावर मावले पाहिजे.

आता तुम्हाला वाटेल, हे सगळे मुले करत असतील. छे! करायचे आईबाप. अस्वलाची आई दुपारभर कातरकाम करायची आणि पोरगे शेजारी बसून मध चाटायचे. रानम्हशीची आई चमकी लावता लावता शिंकली, ती पुढे आठवडाभर चिखलात लोळली तरी चमकत होती. ज्यांना इतकाही वेळ नसे त्यांच्यासाठी शाळेच्या फाटकासमोर मर्कटशेठचे दुकान होते. दुकानावर पाटी होती, 'सर्व प्रकारचे शालेय प्रकल्प तयार मिळतील'.

मर्कटशेठकडे प्रत्येक प्रकल्प दोन प्रकारांत मिळायचा. एक साधा. दुसरा 'बालहस्त'. बालहस्त प्रकारात एक बाजू मुद्दाम वाकडी असायची, डिंक थोडा सांडलेला असायचा आणि नावातले एखादे अक्षर उलटे काढलेले असायचे. जंगलात पैशांच्या जागी जांभळे चालत, आणि बालहस्तला ती जास्त पडत. नीट केलेली वस्तू वाकडी करायला दुप्पट मेहनत लागते, असे मर्कटशेठचे म्हणणे होते, आणि ते काही अगदीच खोटे नव्हते.

या शाळेत तिसरीच्या वर्गाला टिटवीबाई होत्या. त्यांचे नाव वत्सलाबाई. स्वभावाने वाईट नव्हत्या, पण पान हलले तरी ओरडायच्या. एका सोमवारी त्यांनी फळ्यावर लिहिले, 'प्रकल्प: माझे घरटे'.

बाळांनो, टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या माळावर चार खडे सारते आणि तिथेच अंडी घालते. वत्सलाबाईंनी जन्मात काडीला काडी लावली नव्हती. पण त्यांनी तीन दिवसांचे प्रशिक्षण घेतले होते. प्रशिक्षण द्यायला नागसर आले होते. ते आयुष्यभर दुसऱ्याच्या बिळात राहिले, त्यामुळे घर या विषयाकडे तटस्थपणे बघू शकत.

"घरटे एक वीत लांब, एक वीत रुंद," बाई म्हणाल्या. "कार्डशीट, डिंक आणि चमकी वापरा. खाली नाव, यत्ता, हजेरी क्रमांक. आणि घरटे टेबलावर उभे राहिले पाहिजे. केंद्रप्रमुख साहेब येणार आहेत. जो प्रकल्प देणार नाही तो पुन्हा तिसरीत बसेल."

हे ऐकून दुसऱ्या बाकावरची यमू हसली. यमू म्हणजे सुगरणीची पोर. ती का हसली ते सांगतो.

ओढ्यावर वाकलेली एक बाभूळ होती. तिच्या फांदीला यमू दहा दिवसांपासून घरटेच विणत होती. सुगरणींत विणकाम पुरुषांकडे आणि पारख बायकांकडे, अशी रीत आहे. नर अर्धे घरटे विणतो आणि थांबतो. मग मादी येते. गाठी ओढून बघते, फांदीला हिसका देते, आत बसून झोका घेते. पसंत पडले तर ठीक. नाही पडले तर एक शब्द न बोलता उडून जाते, आणि त्या अर्ध्या घरट्यात पुढे वाराच राहतो.

पण यमूच्या वडिलांच्या पंखावर वाळकी फांदी पडली होती. त्यांना धड उडता येत नव्हते. आई सगुणाचे दिवस भरत आले होते. अंडी काही कोणाचा पंख बरा होण्याची वाट बघत नाहीत. म्हणून पोरीने चोच लावली. वडील खालच्या फांदीवर बसून सांगायचे, "तशी न्हवं, आतनं घे. आता वढ. आजून वढ." यमू ओढायची. चोच सोलवटली तरी ओढायची. गवताच्या एकेका पातीसाठी पार भातखाचरापर्यंत जायची.

त्या सोमवारी संध्याकाळी सगुणा पारख करायला आली. पोरीचे काम म्हणून तिने काही कमी ओढले नाही, उलट जरा जास्तच ओढले. हिसके दिले, झोके घेतले. यमूच्या तोंडचे पाणी पळाले होते. शेवटी आई बाहेर आली आणि म्हणाली, "पुरं कर."

एवढेच म्हणाली. पण वडील खालच्या फांदीवर रडायला लागले.

यमूने घरटे पुरे केले. खाली लांब नळीसारखे दार, आत ओल्या चिखलाचे गोळे, म्हणजे वाऱ्याने फार हलू नये. काम झाले त्या दिवशी आई म्हणाली, "चार दिस राहिल्यात."

आणि त्याच दिवशी शाळेचा शिपाई दारात आला. शिपाई साळिंदर होता. नाव धोंडूमामा.

"बाईंनी परकल्प मागितलाय," तो म्हणाला.

"मामा, ते फांदीला बांधलंय," यमू म्हणाली. "बाईंनाच इकडं येऊन बघायला सांगा की."

"बघून भागत न्हाई. जमा करावं लागतंय. रजिस्टर हाय."

सगुणा म्हणाली, "आवो, माझं दिस भरल्यात. आंडी कुटं घालू मी?"

धोंडूमामाने काटे खाजवले. त्याला वाईट वाटले. मग त्याने दातांनी फांदी कुरतडली. "साहेब उद्याच्याला यायचं हाईत. परवाला आनून देतो, आईशपत." असे म्हणून घरटे फांदीसकट खांद्यावर टाकून तो चालू लागला. ज्याला वाईट वाटते तोसुद्धा फांदी तोडतोच, बाळांनो. तो शिपाई असतो.

दुसऱ्या दिवशी साहेब आले नाहीत. त्यांना मीटिंग होती. तिसऱ्या दिवशी आले नाहीत. त्यांना आधीच्या मीटिंगचा अहवाल द्यायचा होता. यमू रोज ऑफिसात जाऊन विचारायची, "बाई, घरटं द्या ना." बाई म्हणायच्या, "प्रदर्शन झाल्याशिवाय प्रकल्प परत देता येत नाही. तू आईला सांग, थोडी कळ काढ म्हणावं."

चौथ्या दिवशी सकाळी सगुणा स्वतःच शाळेत आली. ती नुसती बाकावर बसून राहिली. यमूने आईकडे एकदाच बघितले आणि तिला सगळे कळले.

त्याच दिवशी साहेब आले.

केंद्रप्रमुख तरस होते. तरसे साहेब म्हणत त्यांना. तरस असल्यामुळे ते सारखे हसत. त्यामुळे ते खूश आहेत की चिडलेत हे कोणालाच कळत नसे, आणि म्हणूनच त्यांचा दरारा मोठा होता.

टेबलावर एकूण सव्वीस घरटी मांडली होती. हत्तीच्या पोराचे घरटे होते, कासवाच्या पोराचे होते. कासवाने विचारले होते, "बाई, मी घर पाठीवर घेऊनच आलोय, ते चालेल?" चालले नव्हते. प्रत्येक घरट्यामागे पोर उभे होते आणि पोरामागे आई किंवा बाप. साहेबांनी पोराला विचारले की उत्तर मागून येई.

"हे कशाचे बनवले, बाळ?"

"कार्डशीटचं, सर," अस्वलाची आई म्हणाली.

"किती दिवस लागले?"

"तीन दुपारी, सर. मान आखडली."

यमूचे घरटे मात्र टेबलावर उभे राहीना. ते लटकायचे घरटे. शेवटी धोंडूमामाने ते उलटे करून ठेवले, नळी वर आणि फांदी खाली. वत्सलाबाईंनी त्याच्यापुढे चिठ्ठी लावली, 'घरटे (फुलदाणीसारखे)'.

साहेब कोकिळेच्या पोरीपाशी थांबले. तिचे नाव मधुरा. तिच्या आईने घरटे मर्कटशेठकडून आणले होते, बालहस्त प्रकारातले. घरट्यांच्या बाबतीत त्या घराण्याची रीत तुम्हाला ठाऊकच आहे.

साहेबांनी घरटे उचलले. डिंकाने ते त्यांच्या पंज्याला चिकटले. नावातला 'म' उलटा होता. साहेब हसले. "बघा, किती निरागस काम आहे! मुलाचा हात लगेच ओळखू येतो. पहिला क्रमांक."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुकानात मर्कटशेठने नम्रपणे मान लववली.

मग साहेब यमूच्या घरट्यापाशी आले. त्यांनी गाठी बघितल्या, वीण बघितली. मग नळीत नाक घातले, ते काढायला धोंडूमामाला बोलवावे लागले. साहेब हसले.

"हे कोणी केले?"

"मी केलं, सर," यमू म्हणाली.

"खोटे बोलू नये. इतके चांगले मूल करू शकत नाही. हे पालकांनी केलेले आहे."

मागून सगळे पालक म्हणाले, "अरेरे!" पालकांनी प्रकल्प करून द्यावेत याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"सर, मीच केलंय," यमू म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "आत्ता करून दाखवू? आणि मग घरटं द्या. माझ्या आईला आजच पाहिजे."

साहेबांनी घड्याळ बघितले. "दाखव."

यमू मैदानाच्या कडेला गेली, गवताची लांब पाती फाडून आणली आणि अर्जुनाच्या खालच्या फांदीला पहिली गाठ मारली. मग दुसरी. पाती आत गेली, वळली, बाहेर आली. सगळी मुले बघत राहिली. त्या शाळेत कोणी खरोखर काही करताना मुलांनी पहिल्यांदाच बघितले होते.

"मला पण," हत्तीचे पोर म्हणाले. त्याने सोंडेत पाती धरली आणि गाठ मारता मारता सोंडेलाच गाठ बसली. ते इतके हसले की खाली बसले. कासवाच्या पोराने पाती तोंडात धरून ताणली. अस्वलाच्या पोराने मधाचे बोट पुसले आणि एक गाठ मारली. ती सुटली. त्याने दुसरी मारली. ती टिकली! ते धावत आईकडे गेले. "आई, टिकली! आई, बघ ना!"

"हात घाण केलेस ना?" आई म्हणाली.

बाळांनो, मी बऱ्याच शाळा बघितल्या आहेत. पण त्या दिवशी त्या मैदानावर जो आनंद होता तो मी पुन्हा कुठे बघितला नाही. हे सांगताना मला जरा भरून येते. पाणी पिऊन घेतो.

"शांतता!" टिटवीबाई ओरडल्या. "उपक्रमाच्या तासाला काय चाललंय हे?"

तेवढ्यात घंटा झाली. साहेबांनी यमूची फांदी बघितली. घोडीच्या नालाएवढी एक कड झाली होती.

"तासिका किती मिनिटांची?"

"पस्तीस, सर."

"पस्तीस मिनिटांत एवढेच झाले. तासिकेत जे पूर्ण होत नाही ते विद्यार्थ्याचे काम नव्हे. सिद्ध झाले." साहेब हसले. "प्रकल्प जप्त करा. ऑफिसात ठेवा. पुढच्या चौकशीपर्यंत कोणी हात लावायचा नाही."

धोंडूमामाने घरटे उचलले. यमूने त्याचा एक काटा धरला. "मामा, तुम्ही शपथ घेतली होती." धोंडूमामाने काटा सोडवून घेतला. त्याने घरटे ऑफिसात ठेवले, दाराला कुलूप घातले आणि किल्ली साहेबांना दिली.

इकडे सगुणा बाकावरून उठली. तिला आता थांबता येत नव्हते. समोर टेबलावर पंचवीस घरटी होती. ती पहिल्या क्रमांकाच्या घरट्यापाशी गेली आणि रीतीप्रमाणे तिने एक काडी ओढून बघितली.

घरटे मधोमध फाटले.

तिने दुसरे ओढले. त्याचे बूड निघाले. तिसऱ्याला नुसता हिसका दिला तर ते टेबलाखाली गेले. सगुणा कोणाचे नुकसान करत नव्हती. ती बिचारी जागा शोधत होती. एकेक घरटे ओढायची, बघायची, पुढे जायची. चमकी उडत होती, कार्डशीट फाटत होते. पालक किंचाळत होते, "अहो, तीन दुपारी घालवल्यात आम्ही!"

पंचवीस घरटी संपली. टेबल रिकामे झाले. सगुणा टेबलावर उभी राहिली आणि म्हणाली, "यमे, मला कुटं जागा न्हाई गं."

यमू उडाली. दाराला कुलूप होते, पण ऑफिसला एक खिडकी होती, आणि खिडकीचा गज तिच्या ओळखीच्या फांदीएवढा जाड होता. ती आत शिरली. घरट्याची फांदी चोचीत धरून तिने ओढत ओढत गजापर्यंत नेली. हे तिच्या वजनाच्या कितीतरी पट होते, आणि कसे जमले ते मला विचारू नका. टेबलावर तांबडी फीत होती, फायली बांधायची. त्या फितीने तिने फांदी गजाला बांधली. आतून घेतली. ओढली. अजून ओढली. मग घरटे सोडले. ते सरळ झाले, लटकले आणि हलके झुलले.

"आई!"

सगुणा खिडकीतून आली. आणि बाळांनो, तशा अवस्थेतसुद्धा तिने आधी फीत ओढून बघितली. मग आत गेली.

साहेबांनी कुलूप उघडले. वत्सलाबाई ओरडत पुढे धावल्या. "काढा ते! जप्त माल आहे!" त्यांनी पंख उचलला. तेवढ्यात दारातून धोंडूमामा म्हणाला, "बाई, आत आंडं हाय."

जंगलात एक कायदा आहे. तो कुठल्याच परिपत्रकात नाही. अंडे असलेल्या घरट्याला हात लावायचा नाही, वाघानेसुद्धा. वत्सलाबाईंचा पंख हवेतच राहिला. त्यांनी स्वतः माळावर चार अंडी उबवली होती, भर उन्हात. त्यांनी पंख खाली घेतला. जन्मात पहिल्यांदाच त्या हळू आवाजात बोलल्या. "सगळे बाहेर व्हा," त्या म्हणाल्या.

दीड महिना ऑफिस बाहेर मैदानात भरले. तीन पिल्ले झाली. तिन्ही धडधाकट निघाली, आणि घरट्याची एकही गाठ सैल झाली नाही. यमूचे वडील रोज टुणटुण उड्या मारत येऊन खिडकीखाली बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती फितीची गाठ दाखवायचे.

आता शाळेचे काय झाले? तरसे साहेबांनी अहवाल लिहिला. 'सदर शाळेत सजीव प्रकल्प राबवण्यात आला.' वर तो फार आवडला. वत्सलाबाईंना आदर्श शिक्षिकेचा पुरस्कार मिळाला. विषय होता 'घरटे बांधणीतील नवे प्रयोग'. पुढच्या वर्षीच्या परिपत्रकात लिहून आले की प्रत्येक मुलाने घरटे अंड्यांसह आणावे. मर्कटशेठने गोटे रंगवायला घेतले.

आणि यमू? यमू नापास झाली.

वत्सलाबाईंनी तिला निकाल हातात दिला. त्यांना वाईट वाटत होते, हे दिसत होते. शेरा असा होता, 'घरटे विद्यार्थिनीने केल्याचे सिद्ध झाल्यास हरकत नाही. तथापि त्यातील अंडी आईने घातली आहेत. सबब प्रकल्पात पालकांची मदत घेतल्याचे स्पष्ट आहे.'

यमूने शेरा दोनदा वाचला.

"बाई," तिने विचारले, "मग अंडी पण मीच घालायला पाहिजे होती का?"

बाईंनी परिपत्रक काढले, पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळले आणि चष्मा पुसून पुन्हा चाळले.

"तसा उल्लेख नाही," त्या म्हणाल्या. "वरून खुलासा मागवून घेते."

तात्पर्य: मुलांनो, आपले काम नेहमी आपल्याच हातांनी करावे. मात्र ते आपणच केले आहे यावर मोठ्यांचा विश्वास बसेल, इतके वाईट करावे.